झाकणाचा कौल

धोंडू कांबळींचा एक नियम होता. ज्या घरात मुलगी द्यायची, त्या घरचं कालवण आधी चाखायचं. पत्रिका, नोकरी, जागा हे सगळं त्यानंतर. म्हणून त्या रविवारी परळच्या चाळीत त्यांच्याकडे बैठकीला निघताना शेवंतीबाईंनी कॉटन ग्रीनच्या आपल्या घरी काळ्या वाटाण्यांची उसळ केली. त्यांच्या मुलाने, निलेशने, ती गॅसवरून उतरवल्या उतरवल्या स्टीलच्या डब्यात भरली आणि वाटेत सांडायला नको म्हणून झाकण दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबून बसवलं. हा गृहस्थ क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवतो, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

टॅक्सीत एसी जोरात होता आणि डबा नेमका त्या गार झोतासमोर. पण निलेशचं लक्ष होतं कुठे! त्याला धोंडूकाकांची मुलगी आकांक्षा पहिल्याच भेटीत आवडली होती, अगदी जीव लागावा इतकी. तिला तो आवडला की नाही, हे कळायला मात्र मार्ग नव्हता, कारण त्या भेटीत पाऊण तास तोच बोलला होता, चहावर साय का धरते या विषयावर.

परळला पोचल्यावर धोंडूकाका ताटात घावणे घेऊन तयारच बसले होते. निलेशने झाकण ओढलं. निघेना. धोंडूकाकांनी ओढलं, शेवंतीबाईंनी पदराने धरून पिळलं. झाकण काही हलायला तयार नाही. मग शेजारच्या दगडूला हाक गेली. तो व्यायामशाळेत जायचा, पण डब्याला त्याची काय पर्वा. त्याने कडेला चमचा घातला, चमचा वाकला. लाटण्याने ठोकलं, तशी सगळी गॅलरी दारात जमा झाली.

"आवाज म्हणजे काय," निलेशच्या तोंडून निघून गेलं, "हवेतला एक रेणू दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला..."

"तू गप बस रे जरा," शेवंतीबाई म्हणाल्या.

धातू गार झाला की आकसतो आणि सुटतो, असं दगडूने जाहीर केलं आणि डबा फ्रीजरमध्ये सारला. निलेश नको नको म्हणत होता, पण होणाऱ्या जावयाचं ऐकायची आपल्याकडे कुठे पद्धत आहे? वीस मिनिटांनी डबा बाहेर आला, तो पहिल्यापेक्षा हट्टी होऊन.

आता मात्र निलेशला राहवेना. "काका, आतली हवा गरम होती तेव्हा तिचे रेणू पोरांसारखे धावत होते, झाकणाला आतून धडका देत होते. गार झाली, ते मंदावले. वाफेचंही पाणी झालं. बाहेरची हवा मात्र वरून दाबतेच आहे. डबा गरम पाण्यात ठेवला की..."

"मास्तर," धोंडूकाका शांतपणे म्हणाले, "ज्याच्या घरचा खाल्लंय नाय, त्याच्या घरात चेडू देवचंय नाय. हो डबो बंद रवलो, हेचो अर्थ देवाच्या मनात नाय."

स्वतःच्या हाताने दाबलेल्या झाकणापायी लग्न मोडायची वेळ आली होती, आणि ती विज्ञानाच्या मास्तरावर! मेलो आता, असं निलेशला वाटलं.

शेवंतीबाईही कोकणातल्याच. त्या म्हणाल्या, मग देवालाच विचारा. घाला गाऱ्हाणं. धोंडूकाकांना हे पटलं. ते टोपी घालेपर्यंत आकांक्षा उठली, देवापुढे ठेवायचा तर डबा स्वच्छ हवा असं म्हणाली, आणि तो घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने तिने तो ओल्या टॉवेलात गुंडाळून आणला आणि देव्हाऱ्यासमोर ठेवला. धोंडूकाकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही सोयरीक तुझ्या मनात आसात, तर ह्या झाकण सुटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरी एका सुरात म्हणाली.

टक् असा आवाज झाला आणि झाकणाची एक कड वर आली. दगडूने कानाला हात लावले. धोंडूकाकांचे डोळे भरून आले. त्यांनी उसळ वाढून घेतली, घावण्याशी एक घास खाल्ला आणि थबकले. उसळ झकास होती. पण फ्रीजरमधून निघालेली उसळ गरम होती.

"मास्तर," ते म्हणाले, "आता सांगा. ही तापली कशी?"

असा प्रश्न कुणी विचारावा म्हणून निलेश जन्मभर थांबला होता. उत्तरही जिभेवर होतं. तेवढ्यात आकांक्षा त्याच्या ताटात उसळ वाढायला वाकली आणि चटके बसून लाल झालेली तिची बोटं त्याला दिसली.

"देवालाच ठाऊक, काका," तो म्हणाला.

धोंडूकाकांनी मान डोलावली आणि तारीख बघायला कॅलेंडर मागवलं. त्या गडबडीत आकांक्षा हळूच म्हणाली, "उकळत्या पाण्यात ठेवला होता. तुम्ही सांगत होतात ना, मी ऐकत होते."

निलेशने ताट पुढे केलं आणि आणखी उसळ मागून घेतली.