सोलोवरचा डाग

“रा, माझ्या गिटारच्या सोलोत माझं असं काय आहे?”

रस्टीला आदराने ‘रा’ म्हणून विचारलेला हा प्रश्न खरं तर सेतुन्याचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींचा, केसेगो आणि वामेचा होता. “विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमची दप्तरं तू उचल,” असं म्हणून दोघींनी तिला पुढे ढकललं होतं. सेतुन्याला दप्तरांची भीती नव्हती. उत्तराची तर मुळीच नव्हती. रस्टी म्हणणार, ‘पोरी, तुझ्यात काय नाही ते विचार’, आणि मैत्रिणी जळून कोळसा होणार, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

रस्टी म्हणजे लेत्लाकाने गावातला सगळ्यात नावाजलेला रॉकवाला, तिथल्या रॉक बँडचा मुख्य गिटारवाला. आठवडाभर खाणीत डंपर चालवायचा आणि शनिवारी डोक्यापासून टाचेपर्यंत काळं कातडं चढवून साखळ्या खुळखुळवत बाहेर पडायचा. आत्ताही बाकीचं गाव सावली शोधत होतं आणि हा पठ्ठ्या जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावून टपरीवर गरम गरम माग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खात उभा होता. त्याने बोटांचं तेल पुसलं, नीट विचार केला आणि म्हणाला, “काहीच नाही.”

“काहीच म्हणजे… थोडंफार?”

“काहीच. बोटं छान फिरतात. पण पहिला तुकडा अमेरिकेतल्या कुणा म्हाताऱ्याचा, मधला माझा, आणि शेवटचाही माझाच. माझ्या चुकीसकट उचललायस. तुझ्या बापाकडे गुरं आहेत ना? त्यांच्या मांडीवर काय असतं?”

“आमच्या घरचा डाग.”

“कशाला?”

“दुसऱ्याच्या कळपात शिरली तरी ओळखू यावीत म्हणून.”

“मग सोलोचंही तेच. गाणारा गप्प होतो, गिटारवाला एकटा पुढे येतो, आणि पाठ फिरवून बसलेल्यालाही कळलं पाहिजे, की हा अमक्याचाच. कुणी तार रेंगाळत ताणतो, कुणी दोन सुरांमध्ये नको तितका थांबतो, कुणाचा शेवटचा सूर थरथरतो. तुझ्याकडे गुरं पुष्कळ आहेत पोरी, पण सगळी चोरीची.”

केसेगोला हसता हसता ठसका लागला. वामेने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, पण त्याही हसतच.

सेतुन्याचा चेहरा बघून रस्टीला दया आली असावी. “आमच्या बँडचा दुसरा गिटारवाला फ्रान्सिसटाउनला राहायला चाललाय,” तो म्हणाला. “सप्टेंबरअखेर स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात एक सोलो तुला देतो. स्वतःचा डाग लावून आण. लावलास, तर ती जागा तुझी.”

घरी हे ऐकून बाबांनी एकच वाक्य उच्चारलं. “बँडमध्ये घेतलं तर वाजव, नाही घेतलं तर गिटार मामाला परत.”

“आणि तू हिशेबाच्या शिकवणीला,” आई म्हणाली. तिने शिकवणीवाल्या बाईंशी आधीच बोलून ठेवलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

ऑगस्टची सुट्टी लागली आणि बाबा तिला गावाबाहेरच्या गुरांच्या तळावर घेऊन गेले. गुराखी रजेवर होता. संध्याकाळी बोअरचं इंजिन सुरू करायचं आणि हौदाचा नळ सोडायचा, एवढं काम तिच्या गळ्यात पडलं. बाकी वेळ मोकळा. डाग शोधायला याहून चांगली जागा कुठली!

पहिल्यांदा तिने दातांनी वाजवून पाहिलं. तारेची चव गंजक्या चमच्यासारखी लागली, आणि ओठ असा सुजला की जेवताना बाबा तिच्याकडे न बघता हसत राहिले. मग गिटार डोक्यामागे धरून वाजवलं. तारा पिळायच्या खुंट्यांमध्ये तिच्या वेण्या अशा गुंतल्या की शेवटी बाबांना कात्री आणावी लागली.

“ही तुझी खास पद्धत का?” दोन वेण्या हातात धरून बाबांनी विचारलं.

शेवटी तिने नाद सोडला आणि संध्याकाळी इंजिनच्या ‘ढग-ढग, ढग-ढग’ ठेक्यावर जे सुचेल ते वाजवू लागली. इंजिनच्या आवाजावर मात करायची तर शेवटची तार ताणत ताणत, कळवळत वर न्यावी लागे. आणि एका संध्याकाळी, त्या शेवटच्या लांब सुरावर, झुडपांतून फाचवा बाहेर आला. फाचवा म्हणजे बाबांचा लाडका काळाबांडा बैल. तो मान वर करून ऐकत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्यामागून चार गाई आल्या. पुढे पुढे तर तो सूर निघायचा अवकाश, अख्खा कळप धूळ उडवत धावत यायचा आणि अर्धगोल करून तिच्यासमोर उभा राहायचा. सेतुन्याला भरून यायचं. वाजवून झाल्यावर ती कळपाला वाकून नमस्कार करायची, आणि मगच हौदाचा नळ सोडायची.

“गुरं? आणि ऐकतात?” फोनवर केसेगो किंचाळली.

“डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या.”

“अगं, माश्या बसत असतील!”

स्वातंत्र्यदिनाला फुटबॉलचं मैदान भरून गेलं. पहिल्या रांगेत कोसी, म्हणजे गावचे प्रमुख, खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नीने पाहुण्यांसाठी स्वतः केलेला गेमेरे, म्हणजे आल्याचं सरबत, मोठ्या पिंपात भरून ठेवला होता. मैदानामागे काटेरी फांद्यांचं कुंपण होतं, आणि त्यात बाबांचा कळप. दुसऱ्या दिवशी गुरं विकत घेणारे येणार होते, म्हणून बाबांनी तो सकाळीच तळावरून चालवत आणला होता. गावच्या नळाला संध्याकाळपर्यंत पाणी नव्हतं.

गाणारा गप्प झाला. सेतुन्या पुढे आली. कातडी पँट केसेगोच्या भावाची, ढगळ होती, त्यामुळे दोन्ही हात गिटारवर आणि एक कोपर पँटवर, अशा अवघड अवस्थेत तिने सुरुवात केली. ढोलवाल्याचा ठेका नेमका ‘ढग-ढग, ढग-ढग’. तिने डोळे मिटले, शेवटची तार धरली आणि ताणत ताणत वर नेली.

टाळ्या येण्याआधी फांद्या मोडल्याचा आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा लोक दोन्ही बाजूंना पळत होते आणि मधल्या मोकळ्या वाटेने फाचवा सरळ तिच्याकडे येत होता. मागे सगळा कळप. ढोलवाला स्पीकरवर चढला. गाई मंचासमोर अर्धगोल करून उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या. वाट बघूनही काही मिळेना, तेव्हा फाचवाने पिंपात तोंड घातलं.

“माझा गेमेरे!” कोसींच्या पत्नी ओरडल्या.

“रा-सेतुन्या, ही गुरं कुणाची?” कोसींनी बाबांना लेकीच्या नावाने हाक मारत विचारलं. डाग समोरच दिसत होता, तरीही विचारलं.

“थांबव ते!” असं सेतुन्याला ओरडून बाबांनी शीळ घातली, हाका मारल्या, शेपट्या पिळल्या. रॉकवाल्यांनी गिटारी खाली ठेवून साखळ्या आपटल्या. एकही गाय हलेना. सगळ्यांचे डोळे सेतुन्यावर.

“सेतुन्या!” बाबा ओरडले. “वाजव!”

“आत्ता तर तुम्ही म्हणालात थांबव—”

“वाजव म्हणतो ना! वाजवत पुढे हो!”

मग लेत्लाकानेने एक मिरवणूक पाहिली. पुढे एका कोपराने पँट सावरत, जमेल तसा सोलो वाजवणारी सेतुन्या, मागे बॅटरीचा स्पीकर डोक्यावर घेतलेली वामे, त्यामागे पूर्ण कळप, आणि शेवटी काळ्या कातड्यातले रॉकवाले, शेण चुकवत. एका ओळखीच्याने ट्रकवरची पाण्याची टाकी उघडली तेव्हा कुठे गुरं थांबली. सेतुन्या अजून वाजवतच होती. एकाही गाईने मान वर केली नाही.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “म्हणजे ती पाण्याला यायची?”

“मग काय तुला यायची?”

रस्टी धापा टाकत आला. “वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्याकडेही अर्धे बिअरलाच येतात.” त्याने घाम पुसला. “पण आता हा सोलो कुणीही वाजवला तरी अख्खा गाव म्हणेल, सेतुन्याचा. डाग लागला. जागा तुझी.”

रात्री आई कोसींच्या घरी नवा गेमेरे करून देऊन आली. तिच्या हाताला आल्याचा वास येत होता. बाबा गिटारवरची धूळ पुसत होते.

“मामाला देता येणार नाही आता,” ते म्हणाले. “माझ्या शिट्टीला ती ढुंकून बघत नाहीत. संध्याकाळी गोळा कशी करायची?”

“रा-सेतुन्या, आणि शिकवणी?” आईने विचारलं.

सेतुन्या उठून उभी राहिली. पँट आता तिची स्वतःची होती, त्यामुळे दोन्ही हात कमरेवर ठेवता आले.

“आई, बाबा, मी ठरवलंय. शिकवणीला जाईन, बँडमध्येही जाईन. आणि प्रत्येक सुट्टीत गुरांना पाणी मीच पाजणार. पण यापुढे आधी पाणी, मग सोलो. पोटभर पिऊन झाल्यावर एक जरी गाय थांबली ना, तरच मी स्वतःला गिटारवाली म्हणवून घेणार!”