आनंदित होण्याची शक्यता असलेला इसम

धावड्याच्या मुलींचा फुटबॉल संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोहोचला, याची गावाने फारशी दखल घेतली नाही. दखल घेतली ती प्रशासनाने. सामना शहागडला होता आणि धावडा व शहागड या दोन गावांत तीव्र राजकीय तणाव आहे, असं नुकतंच निष्पन्न झालं होतं.

तणावाचं कारण गंभीर होतं. शहागडजवळ महामार्गाच्या कडेला साहेबांच्या वाढदिवसाचा भलामोठा फलक लागला होता. एका दुपारी तो वाऱ्याने फाटला आणि फाटला तो नेमका साहेबांच्या नाकावर. साहेबांच्या कार्यकर्त्यांच्या मते वाऱ्याची एवढी हिंमत नव्हती, म्हणजे हे काम दादांच्या माणसांचं. दादा हे साहेबांचे विरोधक. त्यांची सासुरवाडी धावड्याच्या बाजूची, त्यामुळे धावडा हे गाव दादांचं ठरलं. धावड्याला ही गोष्ट पेपरातून कळली. शहागडलाही आपण साहेबांचे आहोत हे त्याच पेपरातून कळलं. पण एकदा छापून आल्यावर माघार घेणं कुणालाच बरं दिसेना.

मग मनाई आदेश निघाला. धावडा येथील समर्थकांस सामन्याच्या दिवशी शहागड हद्दीत प्रवेश नाही. खेळाडूंना प्रवेश होता, कारण त्यांच्याविना सामना घेण्याचा मार्ग कार्यालयाला सापडला नाही. मात्र गोल झाल्यास त्यांनी स्वतःच्या संघाचे समर्थन करू नये, अशी अट होती.

या आदेशाचा खरा घाव बसला तो राजानंदवर. राजानंदचं स्टँडसमोर शिलाईचं दुकान. त्याची मुलगी साक्षी संघाची गोलकीपर. पडून पडून तिचे गुडघे फुटायचे, म्हणून तिच्या विजारीला आतून गादी आणि वरून पिवळं कापड त्यानेच लावून दिलं होतं. त्या गुडघ्यांवर ती कशी झेप घेते, हे मात्र त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. दर सामन्याला कधी बाजार आडवा आला, कधी लग्नसराईचे ब्लाउज. संघाबरोबर सराव शिबिराला निघताना साक्षी त्याला म्हणाली होती, "पप्पा, या बारीला तरी या. गोल अडवला का मी उगंच तिकडं पाह्यते, अन् तिकडं कुणीच नसतं."

तिची आई सत्यशीला नवऱ्याला एवढंच म्हणाली, "पोरीनं आजपोतर काही मागलं न्हाई. आता बहाणे सांगू नका."

राजानंद कार्यालयात गेला. तिथले मोठे बाबू सज्जन होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि आदेशातली व्याख्या वाचून दाखवली. "समर्थक म्हणजे दोहोंपैकी कोणत्याही एका संघाच्या विजयाने आनंदित होण्याची शक्यता असलेला इसम."

"मी समर्थक न्हाई साहेब. मी बाप हाय तिचा."

"मुलगी जिंकली तर आनंद होईल?"

"व्हईल ना."

"मग तुम्ही समर्थक."

राजानंदने जरा विचार केला. "न्हाई व्हनार आनंद. बिलकुल न्हाई."

"मग जायचं कशाला?" बाबूंनी विचारलं.

मग बाबूंनाच वाईट वाटलं, त्यांनी पाणी मागवलं. ते हळू आवाजात म्हणाले, "एक करता येईल. त्या दिवसापुरतं तुमचं आणि मुलीचं नातं नाही, असं दोघांनी लिहून द्या. वर पाठवून बघतो."

राजानंद पाणी न पिता उठला.

दुकानात चारचौघं जमली होती. सूरज हा संघाचा सर्वांत मोठ्या आवाजाचा चाहता. त्याचं रक्त उसळत होतं. "आपण चोरून जाऊ," तो म्हणाला. "शेताशेतानं."

"भोकरदन, जालना, अंबड, सगळं शेताशेतानं?" भिवाने विचारलं. भिवा निवृत्त कोतवाल. आयुष्यभर दवंडी देऊन देऊन त्याला सरकारी आदेश शेवटपर्यंत वाचायची सवय लागली होती, आणि गावात ती दुसऱ्या कुणालाच नव्हती. "धरलं तर केस व्हती, केस झाली तर पोराच्या नोकरीचं वाटोळं. त्यापरीस खाली काय लिव्हलंय ते पाहा." त्याने बोट ठेवलं. "विवाह समारंभ, अंत्ययात्रा आणि राजकीय सभा यांस सदर आदेश लागू नाही."

सभेला नेता लागतो आणि नेता आला की माणसं सभेतच अडकतात, म्हणून सभा बाद झाली. अंत्ययात्रेसाठी भिवाने स्वतःचं नाव सुचवलं, पण धावड्याहून शहागडला कुणी खांद्यावर नेत नाही, हे त्यालाही पटलं. राहिलं लग्न.

"नवरदेव कोण?" राजानंद म्हणाला.

सगळ्यांनी पप्पूकडे पाहिलं. पप्पू गावातल्या मुलांच्या संघाचा जुना खेळाडू. त्याला स्थळं येऊन येऊन बंद झाली होती. तो लाजत म्हणाला, "दोस्तांसाठी एवढं करीन मी."

राजानंदने त्याला शेरवानी शिवून दिली. नाक्यावर पत्रिका विचारतील म्हणून पत्रिका छापायचं ठरलं. छापखानेवाल्याने वर न पाहता विचारलं, "फोटो कुणाचे?"

"नवरदेवाचा," राजानंद म्हणाला.

"नवरदेवाचा कोण टाकून राह्यलं आजकाल? प्रमुख उपस्थिती कुणाची?"

राजानंदला हे सुचलंच नव्हतं. पण पत्रिकेवर नेता नसेल तर पोलिसांना ती खोटी वाटेल, हे छापखानेवाल्याचं म्हणणं बरोबर होतं. धावड्याची पत्रिका म्हणून दादांचा फोटो आला. शहागडला जायचं म्हणून साहेबांचाही आला. दोघांच्या फोटोंचा आकार पट्टीने मोजून सारखा ठेवला. खाली मुलाचे मामा म्हणून राजानंदचं नाव पडलं. वधूचं नाव नंतर कळवतो असं ठरलं, म्हणून तिथे टिंबं टिंबं टाकली. पुढे ते कळवायचं राहून गेलं आणि पत्रिका टिंबांसकट छापून आली. ती कुणालाच अपुरी वाटली नाही.

पत्रिका फोनवरून फिरली. निवडणुका तोंडावर होत्या. विरोधकाच्या शेजारी आपला फोटो पाहून साहेबांना वाटलं, आपण गेलो नाही तर हा मैदान मारणार. दादांनाही नेमकं तेच वाटलं. दोघांच्याही स्वीय सहायकांचे राजानंदला फोन आले. दोघेही येणार, जेवण राजकारणातली मंडळीच देणार, मामांनी फक्त शाल-श्रीफळ तयार ठेवावं.

राजानंदने दुकान भरदुपारी बंद केलं. "नेते येऊन राह्यले," तो घरी म्हणाला.

"मंग मॅच?" सत्यशीलाने विचारलं.

"तेवढ्यात पाहून घेतो ना. मांडव मैदानावरच हाय म्हणं."

ते खरं होतं. दोन मोठे नेते आणि एवढा जनसमुदाय मावेल अशी शहागडात एकच मोकळी जागा होती. त्यामुळे मैदानाचा बराचसा भाग विवाहास वर्ग करण्यात आला आणि गोलचे खांब सामंजस्याने थोडे जवळ सरकवण्यात आले. राजानंद मनातून हरखला. ज्या सामन्याला जायला बंदी होती, त्या सामन्याच्या अंगणातच सरकार त्याला खुर्ची टाकून देत होतं.

वऱ्हाडाचा टेम्पो नाक्यावर अडवला गेला. हवालदाराने पत्रिका हातात घेतली, दोन्ही फोटो पाहिले आणि पत्रिकेलाच सलाम ठोकला. "फुटबॉलवाले तर न्हाईत ना कुणी तुमच्यात?"

"छे," सूरज म्हणाला. "आम्ही आनंदी माणसं न्हाईत साहेब."

मांडवात पोहोचल्यावर राजानंदने आधी मैदानाची बाजू शोधली. तिथे उंच कनात बांधलेली होती. नेत्यांच्या सुरक्षेसाठी आणि आदेशाच्या अंमलासाठी मांडवातून सामना दिसू नये, अशी सूचना होती. शहागडचे समर्थकही जेवायला मांडवातच आले होते. सामन्याभोवती फक्त पोलीस उरले, आणि नियमानुसार त्यांची तोंडं बाहेर, पाठी मैदानाकडे होत्या.

पण कनात जमिनीपासून वीतभर वर होती. राजानंद बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि त्याला पाय दिसले. धावणारे, घसरणारे, चिखलात रुतणारे पाय. आणि एका टोकाला, जागेवर उड्या मारणारे दोन पिवळे गुडघे. ती शिवण त्याची होती. तो कितीतरी वेळ तसाच नाडी बांधत राहिला. बुटाला नाडी नव्हती.

"मामा कुठंयत? मामांना बोलवा!" माइकवरून पुकारा झाला. साहेब आले होते.

मग सत्कार सुरू झाले. साहेबांचा झाला, दादांचा झाला, दोघांबरोबर आलेल्यांचा झाला. कुणाची शाल लांब यावरून थोडी कुजबुज झाली, ती बदलून देण्यात आली. सगळ्या शाली राजानंदच्या हातून जायच्या होत्या, कारण पत्रिकेवर तसं छापलेलं होतं. साहेबांनी भाषणात सांगितलं की वारा हा वाराच असतो. दादांनी सांगितलं की साहेबांचं नाक हा जिल्ह्याचा अभिमान आहे. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि येत्या निवडणुकीत एकत्र लढण्याचं तिथेच जाहीर केलं. मधे एकदा कनातीपलीकडे गलका झाला आणि सूरज सगळं विसरून ओरडला, "गोऽल!" त्याला दोघा शिपायांनी काखेत धरून नेलं. तो आनंदित झालेला इसम असल्याचं पंचांसमक्ष निष्पन्न झालं. कुणाचा गोल होता, हे त्यालाही दिसलं नव्हतं.

जेवणाच्या पंगती चालू असताना भिवा राजानंदच्या कानाशी लागला. "बराबरीत सुटली. पेनल्टी चालू हायेत. शेवटची राह्यली. तुही पोरगी उभी हाय. जल्दी!"

राजानंदने हातातली शाल तशीच कुणाच्या तरी खांद्यावर टाकली आणि कनातीकडे धावला. कनातीची एक दोरी सुटून कापड बाजूला झालं होतं. आता पायच नव्हे, सगळी साक्षी दिसत होती. हात पसरून, डोळे चेंडूवर. समोरची मुलगी मागे सरली आणि धावत आली. साक्षीने डावीकडे झेप घेतली. राजानंदला तिची झेप अर्धी दिसली.

"मामा, इकडं पाहा!"

फोटोग्राफर होता, मामांच्या मागोमाग नेत्यांनाही घेऊन आलेला. साहेबांचा एक हात राजानंदच्या खांद्यावर पडला होता, दुसऱ्या बाजूला दादा होते, मधे पप्पू. राजानंदने मान वळवली. जन्मभर फोटोवाल्याने हाक मारली की तो मान वळवत आला होता. फोटो छान आला. पुढे तो पेपरातही छापून आला.

तो पुन्हा वळला तेव्हा मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. दोन्ही संघांच्या. आदेशाच्या भीतीने कुणीच उघड आनंद दाखवत नव्हतं, त्यामुळे त्यातून काही समजेना. नेते निघाले. नेते निघाल्यावर माणसं निघाली. लग्न लावायचं कुणाला आठवलं नाही. वधू नाही, हे तर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

धावड्यात वऱ्हाडाचं जोरदार स्वागत झालं. जेवणात काय होतं, दादा साहेबांच्या पाया पडले की नुसते वाकले, सूरजला सोडलं की नाही, प्रत्येकाला सगळं सविस्तर हवं होतं. राजानंदने ते दुकानात सांगितलं, पारावर सांगितलं, घरी सत्यशीलाला सांगितलं. तेवढ्यात संघाची जीप आली आणि साक्षी खांद्यावर बॅग घेऊन घरात शिरली, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाबू, पत्रिका, नाका, कनात, शाली. त्याचे डोळे चमकत होते. पोरीसाठी आपण काय काय केलं, हे तिला एकदा कळावं, असं त्याला फार वाटत होतं.

साक्षीने सगळं ऐकून घेतलं. पिवळ्या गुडघ्यांवरचा चिखल वाळला होता. तो ती नखाने खरवडत राहिली.

"पप्पा, मी झेप घेतली अन् मंग तुमच्याकडं पाह्यलं," ती म्हणाली. "तुम्ही फोटोत हसून राह्यले व्हते."

राजानंदने तिची बॅग उचलून भिंतीशी ठेवली.

"मंग, काही इचारायचंय?" तिने वाट पाहिली.

"जेवलीस का?" राजानंद म्हणाला.

ती उठून हातपाय धुवायला गेली.

साहेब आणि दादांचा एकत्र फलक आता महामार्गाच्या कडेला झळकतो आहे. मनाई आदेश मात्र कायम आहे, कारण तणाव निवळल्याचं वरून अजून कळलेलं नाही. साक्षी रोज शाळेत जाते, संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारते. ती शेवटची पेनल्टी अडली की आत गेली, हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि कुणी विचारलं तर ती लगेच सांगेल. अजून कुणी विचारलेलं नाही. येणारेजाणारे एकच विचारतात. तुम्हीही ते विचारणारच होता, म्हणून सांगून टाकतो: पप्पूचं अजून जमलेलं नाही.