बनावट पेशंटचं खरं बीपी

आरोग्य केंद्राची तपासणी कशी पार पाडायची, ते माझ्याकडून शिकावं! रुग्णसेवेचा दर्जा बघायला वरून मॅडम येणार असा निरोप आला, तेव्हा आमच्या डॉक्टरांची पाचावर धारण बसली. मी नर्स, पण मी निवांत. पाय सुजलेले, कंबर धरलेली, तरी डोकं शाबूत होतं.

"पेशंट मी आणते," मी म्हटलं. आमच्या बाकावरच्या पेशंटांना एक वाईट खोड आहे, ते खरं बोलतात.

मी घरातूनच पेशंट नेला. सासूबाई. सत्तरी ओलांडलेल्या, माझ्या मते ठणठणीत. आदल्या संध्याकाळी भांडी घासता घासता त्यांना पढवलं.

"आई, तिथे मी सून नाही, सिस्टर. काहीही विचारलं तरी 'सगळं छान आहे' म्हणायचं."

"सगळंच?"

"सगळंच."

"घरी कधी विचारशील तर बरं होईल," त्या पुटपुटल्या. मी इतकी दमले होते की ते कानाआड केलं.

मॅडम आल्या. चष्म्यावरून बाकाकडे बघत म्हणाल्या, "सिस्टर, या आजींचं बीपी बघा. नेहमी बघता तसंच."

नेहमी मी बाहीवरूनच पट्टा गुंडाळते, एका हाताने पंप दाबते, दुसऱ्याने पुढच्याला केसपेपर देते आणि तोंडाने तिसऱ्याला रांगेत ढकलते. गर्दीच तशी असते हो. त्या दिवशी मात्र पुस्तकातलं सगळं केलं. बाही वर, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर आणि पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. आमचा पंखा कुरकुरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आकडा बघितला, तो भलताच वरचा होता.

"मशीन बिघडलंय," मी म्हटलं. मॅडमनी पिशवीतून स्वतःचं मशीन काढलं. त्यावरचा आकडा आणखी वरचा.

"आजी, डोकं दुखतं का?"

"सगळं छान आहे."

"चक्कर येते?"

"छान येते."

डॉक्टरांना खोकल्याची उबळ आली.

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"सिस्टर फार प्रेमळ आहेत."

इतकं बीपी असलेला माणूस कधीही कोसळेल, हे मीच दिवसभर लोकांना ओरडून सांगते. आणि हे माणूस माझ्या घरचं होतं. तपासणी गेली खड्ड्यात!

"आई, पुरे झालं. काय होतंय ते खरं सांगा."

"आई?" मॅडमनी चष्मा काढला.

"सासूबाई आहेत माझ्या," मी जमिनीकडे बघत म्हटलं.

"आधी ठरव," सासूबाई मला म्हणाल्या, "आता विचारतेय ती सून की सिस्टर?"

"सून."

मग त्या बोलल्या. उन्हाळ्यापासून सकाळी उठलं की घर फिरतं. न्हाणीघरात भिंत धरून उभं राहावं लागतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"आले होते सांगायला. तू म्हणालीस, दिवसभर पेशंटच बघून आलेय आई, घरी तरी नको."

म्हणाले होते खरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात होता, आणि मला त्याची फार लाज वाटली.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, रोज बीपी मोजायला सांगितलं. जाताना मॅडमनी शेरा दिला: पेशंट बनावट, आजार अस्सल, मोजण्याची पद्धत उत्तम.

आता संध्याकाळी घरी आले की पहिलं काम तेच. बाही वर, पाठ टेकलेली आणि पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. सासूबाई नियम कसोशीने पाळतात. त्या शांततेत डुलकी लागते ती मला. काल जाग आली तेव्हा माझ्या अंगावर चादर होती आणि समोर सासूबाई बाही वर करून तशाच बसलेल्या.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "माझा नंबर आला का?"