बुडवायला सक्त मनाई

"हे बघ शालू, आज चहात काही बुडवायचं नाही," विनयने गुरुवारी सकाळीच बजावलं. "टोस्ट नाही, खारी नाही, आणि फेरेत्तीबाईंची बिस्किटं तर मुळीच नाहीत."

शालिनी ओट्यापाशी आलं किसत होती. ती मूळची सांगलीची. बिस्किट चहात न बुडवताही खातात हे तिला रियाधला आल्यावर कळलं होतं, पटलं मात्र अजून नव्हतं.

"मी काय त्यांच्या कपात बुडवणारेय?"

"अगं, फेरेत्तीसाहेब इटालियन आहेत, संध्याकाळी चहाला येऊन मॅनर्स बघणार! अल खर्जला कुणाला पाठवायचं ते शनिवारी ठरतंय. आणि ठरवणार तेच आहेत."

इथे मात्र तिने किसणी खाली ठेवली. अल खर्जच्या डेअरीत कंपनीचं नवं सॉफ्टवेअर बसणार होतं. त्यासाठी दोन वर्षं तिथल्या बॅचलर कँपात एक माणूस राहायला हवा होता, घरी यायचं ते फक्त शुक्रवारी. म्हणजे सहा दिवस शालिनी आणि लेक आर्या इथे एकट्या, आणि सौदीत तेव्हा बाईला गाडी चालवायची सोय नव्हती. दुधाची पिशवी आणायची तरी कुणाच्या तरी नवऱ्याला मस्का लावायचा. तिला हे नको होतं. अगदी मनापासून नको होतं.

शिवाय तिची बाजूही जरा लंगडी होती. फेरेत्तीबाईंनी घरी भाजलेल्या बिस्कॉटींचा, म्हणजे इटालियन बिस्किटांचा, डबा आठवड्यापूर्वीच विनयबरोबर पाठवला होता. शालिनीने त्यातली एक चावली आणि दाढ धरून खाली बसली. बिचारीचा घाणा फसला, असं समजून तिने शेजारच्या पद्मिनीवहिनींचा सल्ला घेतला आणि डब्यात पावाचे दोन ओलसर तुकडे ठेवले. तीन दिवसांत बिस्कॉटी मऊ पडल्या, आणि नेमक्या विनयच्या हाती लागल्या.

"अगं, त्या मुद्दाम कडक करतात! दोनदा भाजतात!"

"मग तिसऱ्यांदा भाजू की," शालिनी म्हणाली आणि तिने सगळ्या ताटात पसरून गच्चीवर नेल्या. ऑगस्टचं ऊन होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी भिंतीत खिळा ठोकता आला असता.

गुरुवारी बरोबर पाच वाजता फेरेत्ती पतीपत्नी आले. फेरेत्तीसाहेब ताडमाड उंच, जाड भुवयांचे. लुचियाबाई नाजूक आणि कडक इस्त्रीच्या. शालिनीने आल्याचा चहा ओतला, डबा मधे ठेवला. चौघांनी एकेक बिस्कॉटी उचलली आणि नुसतीच हातात धरून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आधी कोण चावणार, हा प्रश्न होता.

शेवटी विनय पुढे सरसावला. त्याने डोळे मिटून चावा घेतला आणि कट् असा आवाज झाला. बिस्कॉटी शाबूत होती. विनयच्या पुढच्या दाताची कॅप तेवढी निघाली होती. ती जिभेखाली धरून त्याने ओठ गच्च मिटले, पण शालिनीला ते दिसलंच.

"हां, तर विनय," फेरेत्ती इंग्रजीत म्हणाले, "अल खर्जला जायची तुझी तयारी आहे ना?"

विनयने घाबरून डोळे मोठे केले आणि मान हलवली. आडवी हलवायची होती, पण भांबावून ती उभी हलली.

"शाब्बास! मग ठरलं!"

"उं! उंहूं!" विनय म्हणाला.

"बघा, किती खूश झालाय!"

शालिनीची तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा जाणार, दातही गेला, आणि वर मॅनर्सही आपणच सांभाळायचे? खड्ड्यात गेले मॅनर्स! तिने हातातली बिस्कॉटी सरळ चहात अर्धी बुडवली, दहा आकडे मोजले आणि सगळ्यांच्या देखत फुर्रकन ओढून खाल्ली. विनयने डोळ्यांवर हात घेतला.

"नो," ती ठणकावून म्हणाली. "तो तयार नाहीये. त्याचा दात पडलाय, म्हणून बोलत नाहीये. आम्हाला अल खर्ज नको!"

फेरेत्तींचं लक्ष मात्र तिच्या कपावर खिळलं होतं. हळूच त्यांनी आपली बिस्कॉटी चहाकडे नेली.

"ब्रूनो!" लुचियाबाई कडाडल्या. मग ओशाळून शालिनीला म्हणाल्या, "गाडीत बजावून आणलं होतं हो यांना. म्हटलं, शिकलेल्या लोकांचं घर आहे, तिथे तरी बुडवू नका."

पण ब्रूनोसाहेब आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हते. एक बुडवली, दुसरी बुडवली, चौथीला त्यांचे डोळे पाणावले. "स्वतःच्या घरात बावीस वर्षं मनाई आहे," ते म्हणाले. मग बायको नॅपकिन शोधतेय असं बघून ते शालिनीकडे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्या बॅचलर कँपात बायकोला अजिबात नेता येत नाही, हे नक्की ना?"

"अगदी नक्की," शालिनी म्हणाली.

शनिवारी ऑफिसात कागद लागला. अल खर्जचं काम महत्त्वाचं असल्यामुळे दोन वर्षं तिथे श्री. फेरेत्ती जातीने राहणार होते.