पंख्याला हुकूम कोण देणार?

सात महिने झाले, तरी मधुकररावांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. आर्वीच्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल राहिलेल्या माणसाला ही दिरंगाई शोभत नव्हती. त्यातून पत्र अतिशय विनम्र होतं. ‘आपल्या गाडीच्या इंजिनाचा पंखा आम्ही दुरुस्त केला आहे, तरी सोबतच्या कार्डावर आपलं मत कळवावं,’ असं वर्ध्याच्या अधिकृत सेवा केंद्रानं लिहिलं होतं. कार्डावर दोन चौकटी होत्या: ‘समाधानी’ आणि ‘अत्यंत समाधानी’. पंखा तेव्हाही फिरत नव्हता. पण तो फिरत असेल आणि आपल्यालाच ऐकू येत नसेल, अशी शंका येऊन मधुकररावांनी ते कार्ड एका जाड ग्रंथात खूण म्हणून घातलं.

हिवाळा पंख्याविना निभला. मे महिन्यात मात्र वर्ध्याच्या वाटेवर खरांगण्याजवळ बॉनेटखालून वाफा निघाल्या. येत्या सोमवारी सावंगीच्या दवाखान्यात त्यांच्या पत्नी रुख्माबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तारीख चुकली तर पुढची दिवाळीनंतर. शिवाय परत येताना एसटीची धूळ आणि धक्के नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“अहो, पुस्तकात काय पाहून राह्यले?” रुख्माबाई म्हणाल्या. “गाडी दाखवा ना कोणाले!”

मधुकरराव गाडीचं माहितीपुस्तक तिसऱ्यांदा वाचत होते. ‘गरज भासल्यास पंखा आपोआप सुरू होईल,’ असं त्यात छापलं होतं. गरज कोणाला भासायची, याचा खुलासा नव्हता.

गुरुवारी ते थांबत थांबत वर्ध्याला पोचले. केंद्राच्या फाटकावर पाटी होती: ‘सुरक्षेच्या कारणास्तव गरम इंजिनाची तपासणी केली जाणार नाही.’ त्यामुळे गाडी आधी दोन तास सावलीत निववण्यात आली. मग टाय लावलेल्या, प्रफुल नावाच्या तिथल्या मुलानं तिला कॉम्प्युटर जोडला.

“काका, काहीच दोष नाही. इंजिन थंड आहे, म्हणून पंखा बंद आहे.”

“पण गरम झालं तरी तो बंदच राहतो.”

“मग गरम असताना आणायची ना गाडी.”

“गरमच आणली होती. तुम्ही थंड केलीत.”

“नियमच आहे, काका,” प्रफुल समजुतीनं म्हणाला. मग पडद्याकडे पाहून त्याचा चेहरा गंभीर झाला. “आणि तुमची नवीन तक्रार घेताही येत नाही. जुनी अजून उघडी आहे. तुम्ही समाधान कळवलंच नाही.”

“समाधान झालं नव्हतं.”

“ते झाल्याशिवाय तक्रार बंद होत नाही, आणि ती बंद झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही. कार्ड टाका. पंधरा दिवसांत होऊन जाईल.”

आपल्यामुळे एवढी मोठी यंत्रणा अडून बसली, या विचारानं मधुकरराव ओशाळले. जाताना त्यांनी प्रफुलची माफी मागितली.

रविवारी रुख्माबाईंनी परस्पर नत्थूजींना बोलावलं. नत्थूजी कूलर दुरुस्त करत. उन्हाळ्यात आर्वीत डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त बोलावणी असत. त्यांनी बॉनेट उघडलं, पंख्याच्या दोन वायरी थेट बॅटरीला लावल्या. पंखा भर्रकन फिरला.

“पंखा चांगला हाय, मधुकरराव. त्याले हुकूमच भेटून नाई राह्यला.”

“हुकूम कोण देतं?”

“इंजिन गरम झालं का हे पाहणारा एक सेन्सर असते. तो झोपला. आता हुकूम तुम्ही द्या.”

त्यांनी बॅटरीपासून नवी वायर ओढली, मधे फ्यूज आणि रिले बसवला आणि स्टीअरिंगशेजारी कूलरचं काळं बटण ठोकलं. त्यावर ‘पंखा’ आणि ‘पाणी’ असं लिहिलेलं होतं.

“पाणीवालं दाबू नका,” नत्थूजी म्हणाले. “त्याले काईच जोडलं नाई.”

सोमवारी मधुकररावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी हुकूम दिला, आणि तो पाळला गेला. सावंगीपर्यंत काटा मधोमध राहिला. ऑपरेशन झालं. आठवड्यानं रुख्माबाईंनी नव्या डोळ्यानं पहिली वस्तू वाचली, ती ग्रंथातून डोकावणारं कार्ड.

“यात खरं लिहाची चौकट कुठी हाय?”

“नाही ना. म्हणूनच राहिलं.”

“मंग बाजूले लिहा. नत्थूजीनं केलं म्हणा!”

मधुकररावांनी पेन उघडलं. तेवढ्यात प्रफुलचा फोन आला.

“काका, तुमचं एक कार्ड आलं नाही, म्हणून आमचं केंद्र जिल्ह्यात दुसरं आहे. वाकडं काही लिहू नका, प्लीज. लिहिलं तर तपासणी येते. तुम्ही बाहेर कुठे वायरिंग केलं असेल, तर गॅरंटीच जाते. आणि माझं प्रमोशनही.”

मुलगा फार आदबीनं बोलला. मधुकररावांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं, रुख्माबाईंच्या डोळ्याकडे पाहिलं आणि ‘समाधानी’वर खूण केली. मग तेवढ्यानं प्रफुलला वाईट वाटेल की काय, अशी शंका आली. ती खूण खोडून त्यांनी ‘अत्यंत समाधानी’वर केली.

म्हातारा भित्रा निघाला, असं तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. फक्त त्याआधी, थंडगार जेवण घेऊन दीड तास उशिरा आलेल्या पोराला परवा मोबाइलवर तुम्ही किती तारे दिलेत, ते आठवा. मधुकररावांनाही ते विचारायचं होतं, पण भीड पडली. पंख्याचं बटण दाबून ते पोस्टापर्यंत गेले, दिलेला हुकूम मागे घेणं बरं दिसेना म्हणून इंजिन चालूच ठेवून खाली उतरले आणि कार्ड लाल पेटीत टाकून दिलं.