नारिंगी शर्टाचा मानकरी

"चार प्रयत्नांत दहा यार्ड! फक्त दहा!" सोमवारी सकाळी काउंटीच्या नोंदणी कचेरीत पाय ठेवता ठेवताच मर्ल ट्वेटनं तोंड सोडलं. "माझी आजी वॉकर घेऊन गेली असती. आणि आपले गडी तीन प्रयत्नांत दोन यार्ड मागे येतात, चौथ्याला चेंडू लाथेनं समोरच्यांना देऊन टाकतात. दानधर्म करायचा तर चर्चमध्ये करा म्हणावं!"

"मर्ल, आधी कोट काढ," कचेरीच्या मुख्य डार्लीनबाई मान वर न करता म्हणाल्या.

हार्लन स्टेट या आमच्या गावच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या आक्रमणाची त्या वर्षी दशाच झाली होती. सहा सामने झाले होते आणि शेवटच्या तिन्हींत मिळून नऊ गुण. अख्खं गाव हळहळत होतं, पण मर्लचं दुखणं दुहेरी होतं. कचेरीतल्या सातजणांनी दरवर्षीप्रमाणे फँटसी लीग मांडली होती. देशभरातल्या कॉलेजांमधले खरे खेळाडू निवडून प्रत्येकानं कागदावर आपापली टीम बांधायची, आणि ते शनिवारी मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्या खात्यात घ्यायचे. बाकीच्यांनी डोकं वापरून खेळाडू निवडले. मर्लनं निष्ठा वापरली. त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, हार्लनचा; बाकीचेही हार्लनसारख्या हिरव्या शर्टाचेच, मग कॉलेज कुठलंही असो. त्यामुळे हार्लन हरलं की मर्ल एकाच दिवशी दोनदा हरायचा.

मर्ल सातवा होता, म्हणजे शेवटचा. अर्धा मोसम संपताना जो शेवटचा असेल त्यानं होमकमिंगच्या, म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या मिरवणुकीत कॉर्टलँडचा नारिंगी शर्ट घालून चालायचं, असा लीगचा चौथा नियम होता. कॉर्टलँड म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. त्यांच्याशी आम्हा हार्लनकरांचं भांडण कधी सुरू झालं ते कुणाला आठवत नाही, म्हणून ते मिटतही नाही.

"माझ्या अंगावर नारिंगी?" मर्ल म्हणाला. "मला शवपेटीत घाला, पण हार्लनच्या हिरव्यातच घाला."

"शर्ट धुऊन ठेवलाय," सहाव्या नंबरावरचा क्लेटन पलीकडच्या टेबलावरून म्हणाला. तो मर्लच्या अकराच गुण पुढे होता, पण तोरा पहिल्या नंबराचा. "तुझ्या मापाचा आहे की नाही देव जाणे. पोट जरा आत घे तेव्हा."

अर्ध्या मोसमाचा शेवटचा शनिवार उरला होता आणि सामना नेमका कॉर्टलँडशीच, आमच्याच मैदानावर. त्या आठवड्यात मर्लनं जमिनींच्या नोंदी कमी आणि कॉर्टलँडचं चार पानी वर्तमानपत्र जास्त वाचलं. आतल्या पानावर, भोपळ्यांच्या प्रदर्शनाच्या बातमीखाली, दोन ओळी होत्या. कॉर्टलँडच्या, चेंडू घेऊन धावणाऱ्या नेहमीच्या गड्याचा घोटा मुरगळला होता आणि त्याच्या जागी झीक पिकरेल नावाचा कुणी नवखा उतरण्याची शक्यता होती. लीगमध्ये ज्याला स्लीपर म्हणतात तो हाच. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि एका शनिवारी तो सगळ्यांना झोपवतो.

पिकरेलला घ्यायचं तर कुणालातरी खाली बसवावं लागणार होतं. मर्लनं गुरुवारी संध्याकाळी दार लावून घेतलं, जणू काही चोरीच करायची होती, आणि हार्लनचा क्वार्टरबॅक केड नुटसन याला आपल्या टीमच्या बाकावर बसवलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा. कचेरीत तो कुणाला काही बोलला नाही.

पण शनिवारी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर केडची आजी होती. आर्लिसबाई नुटसन. एकोणीस वर्षं दोघांच्या खुर्च्या शेजारी, पांघरूण एक, पॉपकॉर्नची पिशवी एक.

सामना सुरू झाला तेव्हा क्लेटनचे सगळे खेळाडू खेळून मोकळे झाले होते. मर्लचा एकटा पिकरेल उरला होता, आणि अकरा गुण अजून अकराच होते. पूर्वार्धात पिकरेलनं दोन मिळवले. हार्लनचं आक्रमण नेहमीप्रमाणे तीन पावलं पुढे, चार मागे.

"असं खेळतात का?" आर्लिसबाई संतापून म्हणाल्या. "माझ्या केडला कुणी आडोसाच देत नाही. पुढे उभे आहेत ते गडी आहेत की कपडे वाळत घातलेत?"

"अगदी, अगदी," मर्ल म्हणाला आणि पांघरुणाखाली फोन बघितला.

तिसऱ्या सत्रात पिकरेलच्या हातात चेंडू आला. आमचे दोघे त्याच्या अंगावर गेले आणि एकमेकांवर आदळले. समोर मोकळं मैदान. चाळीस हजार माणसं एकदम गप्प झाली. आणि त्या शांततेत, हिरवी टोपी, हिरवा कोट आणि हिरवे हातमोजे घातलेला एक माणूस खुर्चीवर चढून ओरडत होता, "पळ, बाळा, पळ! मागे बघू नकोस!"

कॅमेरावाला कॉर्टलँडचा पाठीराखा शोधत असावा. पिकरेल शेवटच्या रेषेपलीकडे पोचून टचडाउन करेपर्यंत त्याला मर्ल सापडला होता. मैदानाच्या मोठ्या पडद्यावर तो तीन मजले उंच दिसला, दोन्ही हात आभाळाकडे, डोळ्यांत पाणी.

"मी आपल्या पोरांना म्हणत होतो," मर्ल खाली बसत पुटपुटला. "त्याच्या मागे पळा असं."

"बाळा कोण?" आर्लिसबाईंनी विचारलं.

पांघरूण घसरलं होतं आणि फोन उजेडात होता. आर्लिसबाईंनी चष्मा सारखा केला. वर पिकरेल. खाली बाकावर केड नुटसन.

"तू माझ्या नातवाला खाली बसवलंस?"

"आजच्या दिवसापुरतं..."

"प्रशिक्षकानं नाही बसवलं. कॉलेजच्या अध्यक्षानं नाही बसवलं. आणि तू, जमिनीचे उतारे देणारा माणूस, तू बसवलंस? त्याच्या बारशाचा केक खाल्लास तू!" त्यांनी पांघरूण ओढून आपल्या अंगावर घेतलं.

आणि मग जे सहा आठवडे घडलं नव्हतं ते घडलं. चौथ्या सत्रात केडचं नशीब उघडलं. एक टचडाउन फेकलं, दुसरं फेकलं, तिसरं स्वतः पळत जाऊन केलं. चाळीस हजार माणसं नाचत होती. दर वेळी आर्लिसबाई वळून गोड आवाजात विचारत होत्या, "याचे किती गुण रे, मर्ल?"

"बाकावरच्याचे धरत नाहीत."

"अरेरे. आणि याचे?"

हार्लन जिंकलं. लीगमध्ये मर्ल चार गुणांनी क्लेटनच्या पुढे गेला. नारिंगी शर्ट टळला. पण घरी पोचेपर्यंत मर्लच्या पत्रपेटीला कुणीतरी नारिंगी फुगा बांधला होता.

रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर तो एकटाच बसला. न्याहारीच्या हॉटेलात त्यानं अंडी मागितल्यावर वाढणारीनं विचारलं, "इथलीच चालतील की नदीपलीकडची मागवू?" न्हाव्यानं तर खुर्चीवरचं फडकं झटकून सांगितलं, "आज वेळ नाही," आणि स्वतः पेपर वाचत बसला.

"बत्तीस वर्षं!" मर्ल सोमवारी कचेरीत गरजला. "बत्तीस वर्षं तिकीट काढतोय मी! बर्फात बसलोय! एका धावेवरून मी परका?" मग तो एकदम थांबला. त्याला सुचलं होतं. "डार्लीनबाई, तो शर्ट मला द्या."

"तू सहावा आलास. शर्ट क्लेटनचा."

"पण मला हवाय! शर्ट घातला की गावाला कळेल, हा सगळा लीगचा खेळ होता. हरलेल्या माणसाला लोक हसतात आणि माफ करतात. मला कुणी हसतसुद्धा नाहीये!"

"वा!" क्लेटन उठला. "सात आठवडे खपून मी शेवटचा आलो, आणि मान तू घेणार? माझी पोरं फोटो काढायला येणार आहेत."

"क्लेटन, गयावया करतो."

"आठवडाभर पोट आत घ्यायला सांगत होतो तेव्हा ऐकलं होतंस?"

डार्लीनबाईंनी नियमांचा कागद काढला, चष्म्यातून वाचला आणि परत ठेवला. "चौथा नियम. शेवटचा म्हणजे शेवटचा. आपण सरकारी माणसं आहोत, मर्ल."

शुक्रवारी मिरवणूक निघाली. क्लेटन नारिंगी शर्टात पुढे चालला होता. लोक टाळ्या पिटत होते, खिदळत होते, त्याच्यावर लिमलेटच्या गोळ्या फेकत होते, म्हाताऱ्या त्याचे गालगुच्चे घेत होत्या. त्याच्या दोन पावलं मागे मर्ल, टोपीपासून बुटाच्या नाड्यांपर्यंत हिरवागार, छातीवर आणखी एक हिरवा बिल्ला. तो आला की टाळ्या थांबत.

बँकेच्या कोपऱ्यावर शेवटी गर्दीतून कुणीतरी ओरडलंच, "ए मर्ल! तुझा शर्ट त्याच्या अंगावर कसा गेला रे?"

मर्लनं संतापून तोंड उघडलं. पण क्लेटननं आधीच मागे वळून, छाती काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "त्याला पोटावर घट्ट होत होता!"

आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच गाव मर्लला हसलं.