परवानगीकाका आणि प्रिंटरमागची फट

संगणक सांभाळायला शिक्षण लागत नाही, धाक लागतो, असं परवानगीकाकांचं ठाम मत होतं.

काका म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे सासरे. दवाखाना सुनेचा, संगणक सुनेचा, पण संगणकाचे मालक काका. यंत्रात तशी नोंदच होती: बाकी सगळे साधे वापरकर्ते, आणि काका सर्वाधिकारी. नवा प्रोग्रॅम टाकायचा असो की घड्याळ पुढे-मागे करायचं असो, यंत्र मालकाचा पासवर्ड मागायचं, आणि तो फक्त काकांच्या डोक्यात. मग काउंटरवरची ताई म्हणायची, "काका, परवानगी." काका सावकाश चष्मा पुसायचे, "कशासाठी?" म्हणून विचारायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि खोलीत असतील त्या सगळ्यांना पाठ फिरवायला लावून पासवर्ड टाकायचे. दाढ ठणकणाऱ्या पेशंटलासुद्धा सूट नव्हती. त्यावरूनच हे नाव पडलं.

गेले कित्येक महिने मात्र परवानगी मागायला कुणी आलंच नव्हतं.

"याला शिस्त म्हणतात," काका बायकोला म्हणाले. "सुरुवातीला जाच वाटतो. मग अंगवळणी पडते."

"हो ना," बायको विणकामातून मान वर न काढता म्हणाली.

आणि एका सकाळी डॉक्टरीणबाई फोनमध्ये बघत बाहेर आल्या. "बाबा, आमच्या संघटनेकडून सूचना आलीये. आपल्या संगणकाच्या सिस्टीममध्ये एक फट सापडलीये. साधा वापरकर्ता त्या फटीतून शिरून सर्वाधिकारी होऊ शकतो. मग पेशंटची सगळी माहिती त्याच्या हातात. दुरुस्ती आलीये, ती आजच टाका म्हणतात."

"बाहेरचा चोर येऊ शकतो?"

"नाही. जो आधीच या संगणकावर बसतो, त्यालाच जमतं."

काका हसले. "मग कसली भीती? इथे बसणारं कोण? आपलीच माणसं."

"तरी टाकायची, बाबा. जमत नसेल तर तसं सांगा. मी सगळं कंपनीकडे देते. त्यांचा माणूस येऊन बघत जाईल. तुम्हालाही आराम."

आराम हा शब्द काकांना सुईसारखा टोचला. निवृत्तीनंतर त्यांनी भरपूर आराम केला होता. दुपारी पंख्याची पाती मोजायची, आणि ती काल होती तेवढीच निघाली की झोपायचं, याला आराम म्हणतात. दवाखान्यातली ही फिरती खुर्ची मिळाली तेव्हा कुठे त्यांना पुन्हा भूक लागायला लागली होती. खुर्ची गेली की परत ती पाती.

"संध्याकाळच्या आत फट बंद," काका म्हणाले. "कंपनीला म्हणावं, दुसरं गिऱ्हाईक बघा."

ते खुर्चीत बसले. दुरुस्ती समोरच होती. त्यांनी बटण दाबलं. यंत्राने मालकाचा पासवर्ड मागितला. काकांनी ताईला पाठ फिरवायला सांगितलं, बोटं मोडली आणि पासवर्ड टाकला.

चूक.

पुन्हा टाकला. पुन्हा चूक. काकांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. आतून एक टाचणी पडली, पासवर्ड काही पडला नाही. एवढे महिने वापरलाच नव्हता, तो कसला जागेवर राहतोय? पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या चादरीसारखं त्याचं झालं होतं. आहे घरातच, पण कुठे ते ब्रह्मदेवाला ठाऊक. आणखी दोन-चार प्रयत्न चुकल्यावर यंत्राने सांगून टाकलं, आता अर्धा तास मला विचारू नका.

"वळू का काका?" ताईने भिंतीकडे बघत विचारलं. "फोन वाजतोय."

"वळ. यंत्र जरा तापलंय."

ताईने वळून पडद्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाली, "अहो, मग मदतीतून जा ना."

"कुणाच्या मदतीतून?"

ताईने जीभ चावली, पण उशीर झाला होता. काकांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. प्रिंटरमधले कागद काढायचे. मग काहीतरी छापायला सांगायचं. कागद नाहीत म्हणून प्रिंटर बोंब मारतो. त्या बोंबेखाली 'मदत' असं बटण येतं. ते दाबलं की जी खिडकी उघडते, तिच्यातून काहीही टाका, काहीही काढा, यंत्र पासवर्ड विचारत नाही. छपाईचं काम म्हणे मालकाच्या अधिकाराने चालतं. साहेबाच्या शिपायाचं बोट धरून कुणीही साहेबाच्या तिजोरीपर्यंत जावं, तसला प्रकार.

"अगं, हीच ती फट."

"फट कसली? आम्ही तिला मदतच म्हणतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

ताईने कोपऱ्यात विणत बसलेल्या काकूंकडे पाहिलं. काकूंच्या सुया थांबल्या. "मी फक्त स्वेटरचे नमुने टाकून घेतले," त्या म्हणाल्या. "आणि बहिणीशी बोलायचं ते. आणि तो पत्त्यांचा खेळ."

"मला विचारलं का नाहीस?"

"एकदा विचारलं होतं. तुम्ही विचारलंत, 'पत्ते कशासाठी?' आता याला काय उत्तर द्यायचं?"

काका तडक आत गेले. डॉक्टरीणबाई एका पेशंटच्या जबड्यात वाकल्या होत्या. "ऐकलंस? इथे सगळे मागच्या दाराने ये-जा करतायत. माझ्या पाठीमागे."

सूनबाईंनी मान वर केली नाही. उलट आणखी वाकल्या.

"तूसुद्धा?"

"बाबा, एकदाच. दोनदा. इंजेक्शन देऊन झालं होतं, एक्स-रे उघडत नव्हता, तुम्ही जेवायला गेला होतात."

तोंड उघडं असलेल्या पेशंटनेही काहीतरी म्हटलं. काकांना वाटलं, हाही त्यातलाच.

ते बाहेर येऊन खुर्चीत बसले. शिस्त कसली, सगळं घर त्यांना वळसा घालून जात होतं. फट बुजवली तर आपल्याला पुन्हा विचारावं लागेल, या विचाराने काकांच्या अंगात वारं संचारलं. पण बुजवायला आत जायला हवं, आणि आत जायला पासवर्ड हवा.

बराच वेळ काका प्रिंटरकडे बघत बसले. मग उठले, स्वतःच्या हाताने कागद काढले आणि म्हणाले, "दोघीही पाठ फिरवा."

"ते आम्हीच शिकवलंय, काका," ताई म्हणाली.

"तरी फिरवा."

प्रिंटरने बोंब मारली. काकांनी मदत दाबली. दुरुस्ती टाकली. यंत्र बंद झालं, पुन्हा सुरू झालं. ताईने लगेच कागद काढून पाहिले. बोंब झाली, मदत आली, पण खिडकीतून पुढे जाता येईना. फट बंद.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. "वा बाबा. मग राहू दे कंपनी."

काकांनी खुर्ची एक गिरकी फिरवून घेतली.

"मग काका, परवानगी द्या," ताई म्हणाली. "यंत्र बंद होऊन सुरू झालं ना, आता एक्स-रेचा प्रोग्रॅम मालकाची संमती मागतोय. त्याशिवाय उघडत नाही. आत त्या गृहस्थांनी मघापासून आ वासलाय."

काकांची गिरकी अर्ध्यात थांबली. घरात शिरायची एकच खिडकी होती, ती त्यांनी आतून खिळे ठोकून बंद केली होती, आणि पुढच्या दाराची किल्ली अजूनही सापडलेली नव्हती.

"काय झालं?" सूनबाईंनी विचारलं.

ताईला सगळं समजलं. "काका, आत होतात तेव्हाच नवा पासवर्ड का नाही करून घेतला?"

पेशंटला तोंड मिटायला सांगून घरी पाठवलं. सूनबाईंनी फोन हातात घेतला. "मी कंपनीला बोलावते."

"संध्याकाळपर्यंत थांब. आठवेल."

मग सुरू झाली ती दुपार. काका टाकायचे, यंत्र नाही म्हणायचं, आणि थोडं झालं की अर्धा तास रुसायचं. काकांनी जुन्या कुत्र्याचं नाव टाकून पाहिलं, शाळेतल्या मास्तरांचं पाहिलं, घराचा नंबर उलटा करून पाहिला. प्रत्येक रुसव्याला ताई एक चहा आणून द्यायची.

"माझं नाव टाकून बघितलंत?" बायकोने विचारलं.

काकांनी टाकून बघितलं. ते नव्हतं. त्यानंतर यंत्र आणि बायको, दोघंही अर्धा तास बोलली नाहीत.

शेवटी काका इतके वैतागले की डोळे मिटून त्यांनी बोटांना येईल ते बडवलं आणि यंत्राला तोंडभर शिव्या दिल्या. डोळे उघडले तर दार उघडं.

"उघडलं," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर बंद होईल.

सगळ्या धावत आल्या. "आधी पासवर्ड बदला," ताई म्हणाली. काकांनी पासवर्ड बदलण्याचं पान उघडलं. यंत्राने नम्रपणे सांगितलं: कृपया जुना पासवर्ड टाका.

"आता टाकलात तोच टाका ना," सूनबाई म्हणाल्या.

"तो कुठे मला माहीत आहे? माझ्या बोटांना माहीत आहे."

बोटांना विचारून पाहिलं. बोटंही विसरली होती.

आता मात्र कंपनीला फोन गेला. माणूस म्हणाला, "ते आत आहेत ना? मग सोपं आहे. मी येऊन नवा मालक नोंदवतो. पण यंत्राला थोडा वेळ हात लागला नाही की ते झोपतं आणि उठल्यावर पासवर्ड मागतं. मी येईपर्यंत माउस हलवत राहायचं. कुणी जागचं उठायचं नाही."

"बाबा, ऐकलंत ना? उठू नका."

एवढा मान काकांना या खुर्चीत कधी मिळाला नव्हता. ते ताठ बसले आणि माउस गोल गोल फिरवू लागले. पेशंट येत होते, जात होते, काका फिरवत होते. उठू नका म्हणणारे सगळे होते, पण दुपारभरचे ते सगळे चहा कुणाचं ऐकणार? काकांनी पाय आवळले. मग पायावर पाय घेतला. मग चेहरा असा केला की समोरच्या पेशंटने स्वतःच्या दातदुखीबद्दल त्यांची क्षमा मागितली.

"अहो, जा," बायको म्हणाली. "मी हलवते."

"फक्त हलवायचा हं. दुसरं काही नाही."

काका गेले. वयानुसार या कामाला वेळ लागतो. परत आले तेव्हा दारात एक तरुण बॅगची चेन लावत होता. "झालं सगळं," तो म्हणाला. "दुरुस्ती नीट बसलीये. आमची गरज नाही तुम्हाला. मालकीणबाईंना नवा पासवर्ड करून दिलाय." आणि गेला.

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत बायको होती. पडद्यावर तिचं नाव होतं, वर सर्वाधिकारी लिहिलं होतं. खाली साध्या वापरकर्त्यांच्या रांगेत, ताईच्याही नंतर, काका होते.

"हे काय?"

"त्याने विचारलं, मालक कोण," बायको माउस हलवत म्हणाली. "मी म्हटलं, मीच. तुम्ही आत होतात. बाहेर एवढे पेशंट बसलेले, तिथून ओरडून काय सांगणार होते मी?"

घाईत काकांचे हात धुवायचे राहिले होते, ते धुवायला परत आत गेले.